आधी नेमणूक, मग विद्या

नोकरीत राहून घ्यावयाच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा अर्ज हा वरवर पाहता कचेरीतला एक कागद असला, तरी त्याच्या रचनेत एक जुना तात्त्विक पेच दडलेला आहे. अप्रशिक्षित शिक्षकांसाठी काढलेल्या अभ्यासक्रमाला नाव घालताना अर्जदाराला मुख्याध्यापकाच्या सहीशिक्क्याने हे सिद्ध करावे लागते की, तो आज वर्गावर उभा राहून शिकवीत आहे. म्हणजे जो शिकवण्याचे शिक्षण न घेताच शिकवू लागला, त्यालाच ते शिक्षण घेण्याची मुभा मिळते. पात्रतेचा दाखला आणि अपात्रतेची कबुली या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर एकाच शिक्क्याखाली येतात, आणि त्यांत कोणालाही काही विपरीत वाटत नाही. हे विपरीत न वाटणे बरोबर आहे की केवळ सवयीचे आहे, हा प्रश्न प्रशासनाचा नसून धर्मविचाराचा आहे. कारण कर्म करण्याचा अधिकार कोणाला, आणि तो ज्ञानाच्या आधी येतो की नंतर, याची चर्चा भारतीय परंपरेत सर्वांत बारकाईने झाली ती कर्मकांडाच्या आणि भक्तीच्या ग्रंथांत.

भाषेने मात्र हा पेच फार पूर्वीच ओळखलेला दिसतो. ‘अर्ज’ हा शब्द अरबी-फारसीतून दख्खनच्या दरबारांमार्गे मराठीत रुळला, आणि त्याचा मूळ भाव ‘समोर मांडणे’ असा आहे. मागणे त्यात नंतर मिसळले. ‘उमेदवार’ हा शब्द तर याहून बोलका आहे. आज निवडणुकीमुळे त्याचा अर्थ आखडला असला, तरी जुन्या मराठीत ‘उमेदवारी करणे’ म्हणजे कचेरीत किंवा पेढीवर पगाराच्या आशेने आधी फुकट राबणे आणि राबता राबता काम शिकणे. आशा, काम आणि शिक्षण या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात एकत्र नांदत होत्या. बहमनी सुलतानांनी 15व्या शतकात ज्या बीदरला राजधानी केली, त्या बीदरला लागून असलेल्या नौबादसारख्या वस्तीत आज मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा कानांवर पडतात, आणि चौघींतही ‘अर्ज’ या अर्थाचा शब्द एकाच घराण्यातला आहे. सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या शिक्षकाला तो अर्ज बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत भरावा लागतो, ही गोष्ट येथे नोंदवून पुढे जाणे पुरे. तिचा विचार स्वतंत्रपणे व्हावा इतकी ती मोठी आहे.

या विषयाची कायद्यातली बाजू थोडक्यात अशी. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा 2009चा कायदा 1 एप्रिल 2010 रोजी अमलात आला, आणि त्याच्या 23व्या कलमाने शिक्षकाची किमान अर्हता ठरवून, जे सेवेत असूनही अर्हताप्राप्त नव्हते त्यांना ती मिळवण्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. ही मुदत संपल्यावरही लाखो शिक्षक अप्रशिक्षितच राहिले होते, म्हणून 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मुदत 31 मार्च 2019 पर्यंत वाढली. त्या काळात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने अशा शिक्षकांसाठी प्राथमिक शिक्षण पदविकेचा अभ्यासक्रम चालवला, आणि त्यात देशभरातून 13 लाखांहून अधिक शिक्षकांनी नावे नोंदवली. दिवसा शाळा, सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्र, रात्री स्वाध्याय, आणि सराव पाठ म्हणजे देखरेखीखाली घ्यायचे नमुन्याचे तास, तेही स्वतःच्याच वर्गावर, असा तो क्रम होता. पुढे 18 महिन्यांत पुरी झालेली ही पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या तोडीची मानावी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तर नकारार्थी आले, आणि डिसेंबर 2024 मध्ये, 10 ऑगस्ट 2017 रोजी जे सेवेत होते त्यांच्यापुरती ती पदविका वैध असल्याचा खुलासा झाला. न्यायालयाला अखेर ज्या गोष्टीवर बोट ठेवावे लागले ती लक्षणीय आहे: तोच अभ्यासक्रम, तीच पुस्तके, तीच परीक्षा, पण शिकणारा त्या दिवशी कामावर होता की नव्हता, यावरून त्या विद्येची किंमत ठरली.

आता ‘अधिकार’ या शब्दाकडे वळावे. आजच्या मराठीत अधिकार म्हणजे सत्ता किंवा हक्क. पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदातल्या विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, अधिकार म्हणजे एखाद्या कर्माचा कर्ता आणि त्याच्या फळाचा स्वामी होण्याची योग्यता. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय याच प्रश्नाला वाहिलेला आहे. त्या विचारानुसार कर्त्याला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: फळाची इच्छा, म्हणजे अर्थित्व, कर्म पार पाडण्याची शारीरिक व आर्थिक ताकद, म्हणजे सामर्थ्य, आणि त्या कर्माचे ज्ञान, म्हणजे विद्वत्ता. हे ज्ञान कोठून यावे, याचे उत्तरही ठरलेले होते: उपनयन झालेल्याने वेद शिकावा असा जो अध्ययनविधी, त्यातून. ज्याचे उपनयन नाही त्याला अध्ययन नाही, ज्याला अध्ययन नाही त्याला विद्या नाही, आणि ज्याला विद्या नाही त्याला कर्माचा अधिकार नाही, अशी ही साखळी आहे. बादरि नावाच्या जुन्या आचार्याचे मत सर्वांनाच अधिकार असावा असे होते; जैमिनीने ते नोंदवले आणि खोडून काढले. प्रशिक्षण-पदवी-नेमणूक हा आजच्या शिक्षण खात्याचा आदर्श क्रम या साखळीहून फार वेगळा नाही, फक्त उपनयनाच्या जागी प्रवेशपरीक्षा आली आहे.

परंतु मीमांसकांच्या या साखळीत एक कडी अशी निघाली की, तिने साऱ्या रचनेला विचारात पाडले. वेदात एक वाक्य असे आहे की, रथकाराने पावसाळ्यात अग्नीची स्थापना करावी. हा रथकार कोण? रथ तयार करणारा कोणीही त्रैवर्णिक असे म्हटले, तर अडचण उरत नाही. पण शब्दाचा रूढ अर्थ हा त्याच्या व्युत्पत्तीने निघणाऱ्या अर्थापेक्षा बलवत्तर, असा मीमांसकांचा स्वतःचाच नियम होता, आणि रूढीप्रमाणे रथकार ही तीन वर्णांबाहेरची एक जात होती. म्हणजे ज्याला अध्ययन नाही, त्याला वेदच कर्म सांगतो आहे. वाक्य खोटे म्हणता येत नाही आणि माणूस अज्ञ आहे हे नाकारता येत नाही. या कोंडीतून जो मार्ग निघाला, तो 17व्या शतकातल्या आपदेवांच्या ‘मीमांसान्यायप्रकाश’ या ग्रंथात नीटसपणे मांडलेला आहे. हे आपदेव काशीत वावरले, पण त्यांचे घराणे पैठणच्या एकनाथांचे, अशी परंपरा आहे. त्यांचे म्हणणे असे की, रथकाराच्या बाबतीत ज्ञान हे अध्ययनविधीतून येत नसले, तरी अग्निस्थापनेचा विधीच त्या कर्मापुरते लागणारे ज्ञान ओढून आणतो. या ओढून आणण्याला शास्त्रात ‘आक्षेप’ म्हणतात. मराठीत आक्षेप म्हणजे हरकत. मीमांसेत आक्षेप म्हणजे एका गोष्टीने, स्वतः सिद्ध होण्यासाठी, न सांगितलेली दुसरी गोष्ट खेचून घेणे. आज्ञा आधी, विद्या मागाहून, आणि ती विद्या आज्ञेच्याच पोटातून: नेमणुकीचा हुकूम हातात घेऊन प्रशिक्षणाचा अर्ज भरणारा शिक्षक हा या अर्थाने रथकाराचा वंशज आहे.

या युक्तिवादाचे कौतुक करताना त्याच्या दोन मर्यादा विसरता येत नाहीत. पहिली अशी की, ज्या समाजाने तो घडवला त्याला तो पेलला नाही. अपवाद मान्य करून दार पुन्हा लावून घेण्यात आले, आणि ज्या तर्काने सर्वांसाठी ज्ञानाची वाट उघडता आली असती, तो एका जातीच्या एका विधीपुरता बांधून ठेवला गेला. तर्क समाजापेक्षा मोठा असतो तेव्हा तो पोथीत राहतो. दुसरी मर्यादा खुद्द तर्काची आहे: विधी ओढून आणतो ते ‘तेवढेच’ ज्ञान, कर्मापुरते, त्याहून तिळभर जास्त नाही. नोकरीतल्या प्रशिक्षणाचे दुखणे नेमके इथेच आहे. नोकरी टिकण्यापुरती विद्या, मुदतीपुरती विद्या, पाठ टाचणाच्या वहीपुरती विद्या. टाचण हा शब्द शिंप्यांकडून आलेला, पक्की शिवण घालण्याआधी कापड जागेवर राहावे म्हणून घातलेले सैल टाके असा त्याचा भाव. ते टाके पुढे उसवायचे असतात, हे ज्याला कळले त्याची टाचण वही कामाची, आणि ज्याने टाके हीच शिवण मानली त्याची वही तपासणीच्या दिवशी उघडण्यापुरती.

रथकाराला दारातून आत घेण्याऐवजी दाराची चौकटच काढून टाकणारा विचार बीदरपासून सुमारे 80 किलोमीटरवर, आजच्या बसवकल्याणमध्ये, 12व्या शतकात उभा राहिला. बिज्जल राजाच्या कारकिर्दीत तेथे बसवेश्वर आणि त्यांचे सहप्रवासी शरण अनुभव मंटपात जमत, आणि अल्लमप्रभू त्या सभेचे अध्यक्ष असत. या शरणांच्या नावांतच त्यांची कामे आहेत: मडिवाळ माचिदेव परीट, अंबिगर चौडय्या नावाडी, नुलिय चंदय्या दोर वळणारे. त्यांच्या विचाराचा कणा म्हणजे ‘कायक’. कायक म्हणजे कायेने केलेले श्रम एवढेच नाही. जे श्रम प्रामाणिक असून ईश्वराला अर्पण केलेले आहेत आणि ज्यांचे फळ ‘दासोह’ म्हणून, म्हणजे समाजाला वाटून, मग स्वतः घ्यायचे आहे, ते श्रम हीच पूजा, असा त्याचा आशय आहे. येथे अधिकाराचा प्रश्न उलटा होतो. मीमांसक विचारतो, या माणसाला हे कर्म करण्याचा अधिकार आहे का. शरण विचारतो, या माणसाने केलेल्या कर्माने त्याला अधिकार दिला का. कर्म हे योग्यतेचे फळ न राहता योग्यतेचे शेत होते. नोकरीत राहून शिकण्याच्या कल्पनेला यापेक्षा मोठा धार्मिक आधार दख्खनच्या भूमीवर शोधून सापडणार नाही.

पण शरणांचा विचार ‘काम करीत गेले की ज्ञान आपोआप येते’ इतका भाबडा नव्हता, हे त्यांच्याच कथांतून दिसते. आयदक्की मारय्या हे सांडलेले तांदूळ वेचून आणून त्यांवर जंगमांना, म्हणजे फिरत्या शैव संतांना, जेवू घालीत. एक दिवस त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा त्यांची पत्नी लक्कम्मा यांनी त्यांना खडसावले आणि जास्तीचे तांदूळ जिथून आणले तिथे नेऊन टाकायला लावले. मारय्यांचे कायक वर्षानुवर्षे चालू होते, हात सरावले होते, तरी हिशेब चुकला, आणि तो दाखवायला दुसरी व्यक्ती लागली. नुलिय चंदय्यांची कथा याहून तिखट आहे. गवत कापताना त्यांच्या गळ्यातले इष्टलिंग, म्हणजे दीक्षेच्या वेळी मिळालेले आणि देहावर कायम धारण करायचे लिंग, गळून पडले. चंदय्यांनी काम थांबवले नाही आणि ते उचललेही नाही. लिंग मागे लागले तरी ते ऐकेनात, आणि अखेर इतर शरणांना मध्ये पडून समेट घडवावा लागला, तो असा की लिंगाने चंदय्यांचे दोर विकून आणावेत. कथेची गंमत बाजूला ठेवली, तर तीत एक गंभीर वाद आहे: कामात गढलेल्या माणसाला दीक्षेची, म्हणजे बाहेरून दिलेल्या ज्ञानाच्या खुणेची, गरज उरते का? शरणांनी चंदय्यांना पुरते बरोबरही ठरवले नाही आणि चूकही. त्यांनी दीक्षेलाच कामाला लावले. वीस वर्षे वर्गावर असलेला शिक्षक ‘आम्हाला आता कोण काय शिकवणार’ असे म्हणतो तेव्हा तो चंदय्यांच्या जागी उभा असतो, आणि त्याचे म्हणणे अर्धे खरे असते.

उरलेला अर्धा भाग समजण्यासाठी नौबादच्या जमिनीखाली उतरावे लागते. तेथे बहमनी काळातली ‘कारेझ’ आहे, म्हणजे भूगर्भातले पाणी बोगद्यातून, केवळ उताराच्या जोरावर, वस्तीपर्यंत आणण्याची इराणी पद्धतीची व्यवस्था. बीदरच्या पठारावरचा जांभा दगड कोरून काढलेला हा बोगदा दोन किलोमीटरांहून लांब आहे, आणि त्यावर ठरावीक अंतराने वीसहून अधिक उभ्या विहिरी आहेत. खोदलेली माती वर ओढायला, खाली हवा व उजेड पोचवायला आणि बोगद्याची दिशा तपासायला त्यांचा उपयोग. अशा कामाची रीत अशी की, खोदणे पाण्याच्या उगमाकडून सुरू करायचे नाही. जेथे पाणी बाहेर पडायचे त्या टोकाकडून सुरू करून उगमाकडे सरकायचे, म्हणजे वाटेत लागलेले पाणी खोदणाऱ्याच्या पाठीमागे वाहून जाते. उतार जास्त झाला तर पाणी बोगद्याचा तळ खरवडते, कमी झाला तर गाळ साचतो, आणि अंधारात हाताला लागणारा फरक फार थोडा असतो. हे कौशल्य कुदळ हातात घेतल्याशिवाय येत नाही, यात वाद नाही. मात्र उताराची चूक खोदणाऱ्याच्या अंगावर येत नाही. ती बोगद्याच्या तोंडाशी घागर घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला येते, आणि त्याला ती चूक कोठे झाली हे कधीच कळत नाही. उभ्या विहिरी त्यासाठी असतात. त्या नसत्या तर खोदणारा खोदत गेला असता, शिकलाही असता, फक्त चुकीच्या दिशेने.

शिक्षणाच्या बाबतीत घागर घेऊन उभे असते ते मूल. सुताराचा उमेदवार लाकूड बिघडवतो, शिंप्याचा उमेदवार कापड. शिक्षकाचा उमेदवार ज्यावर हात बसवतो ते परत आणता येत नाही. कायद्यातल्या मुदतीचा हिशेब या बाजूने मांडून पाहावा. जे मूल जून 2010 मध्ये पहिलीत बसले, ते वेळेवर वर चढत गेले असेल, तर 2018च्या वसंतात आठवी संपवून कायद्याच्या हमीतून बाहेर पडले. त्याच्या शिक्षकाला प्रशिक्षित होण्यासाठी मिळालेली मुदत त्यानंतरही एक वर्ष चालू होती. म्हणजे शिक्षकाला शिकण्यासाठी दिलेला अवधी हा मुलाच्या संपूर्ण प्राथमिक शिक्षणाहून मोठा होता. यात कोणा एका शिक्षकाचा दोष काढणे अन्यायाचे होईल, कारण अप्रशिक्षित माणसाला वर्गावर उभे करणारी व्यवस्था त्याची नव्हती, आणि वर्ग रिकामा राहण्यापेक्षा कोणीतरी उभे असणे बरे हेही खरे. पण मीमांसकाच्या भाषेत बोलायचे, तर येथे कर्माचा कर्ता एक आणि फळ भोगणारा दुसरा आहे, आणि अशा कर्मासाठी अधिकाराची जुनी व्याख्या अपुरी पडते. तीत कर्त्याची इच्छा, कर्त्याचे सामर्थ्य आणि कर्त्याची विद्या मोजली जाते, ज्याच्यावर कर्म घडते त्याची संमती कोठेच विचारली जात नाही. धर्मशास्त्रातली ऋणाची कल्पना येथे अधिक उपयोगी आहे. माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो, आणि त्यांतले ऋषिऋण स्वाध्यायाने फेडायचे असते, असे ती सांगते. पूर्वसूरींकडून घेतलेले मागाहून येणाऱ्यांना देऊन उतरायचे. नोकरीतल्या उमेदवाराचे ऋण दुप्पट आहे, कारण त्याने मागच्यांकडूनही घेतले आहे आणि समोर बसलेल्यांकडूनही. प्रशिक्षणाचा अर्ज हा सवलतीची मागणी म्हणून वाचण्यापेक्षा या दुसऱ्या ऋणाची नोंद म्हणून वाचला, तर त्यातली विसंगती नाहीशी होते: ज्याने अजून शिकवायला सुरुवातच केली नाही, त्याच्यावर हे ऋण नाही, म्हणून हा अर्ज त्याचा नाही.

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून आलेल्या प्रकरणांत असा निर्णय दिला की, कायदा येण्यापूर्वी नेमलेल्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. ज्यांची सेवा त्याहून कमी उरली आहे ते निवृत्तीपर्यंत राहू शकतात, पण परीक्षेवाचून त्यांना पदोन्नती नाही. या निर्णयाने शिक्षकवर्गात जी अस्वस्थता पसरली, तीत दुखावलेला मान आहे, भीती आहे, आणि एक रास्त प्रश्नही आहे: कागदावरची परीक्षा वर्गातले काय मोजते? कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या पहिल्या अंकात हाच प्रश्न गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांच्या भांडणातून उभा राहतो. दोघांत श्रेष्ठ कोण हे ठरवायला बसलेली परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, असा भेद करते की, काहींची विद्या त्यांच्या स्वतःपाशीच शोभते, काहींना ती दुसऱ्यात उतरवण्याची हातोटी असते, आणि ज्याच्याजवळ दोन्ही आहे तो शिक्षकांत अग्रस्थानी. मग परीक्षा ठरते ती आचार्यांच्या नृत्याची नव्हे, त्यांच्या शिष्यांच्या नृत्याची. राजाला मालविका पाहायची असते म्हणून हा सारा बनाव घडतो, हे खरे. तरीही परीक्षेची ती पद्धत विनोदी नाटकात सुचावी आणि शिक्षणाच्या धोरणात सुचू नये, याचे आश्चर्य वाटते. शिष्याचे नृत्य पाहायला वेळ लागतो आणि पाहणाराही जाणकार लागतो, हे त्याचे एक कारण असावे.

याच सीमाभागात असा एक ग्रंथ आहे, ज्याचा कर्ता सुरुवातीलाच आपली अपात्रता सांगून मग शिकवायला बसतो. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावरच्या गाणगापूरचे नृसिंह सरस्वती यांचे चरित्र सांगणारा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ सरस्वती गंगाधर यांनी रचला. त्यांची घरची भाषा कन्नड, आणि मराठी आपल्याला नीट येत नाही, असे ते ग्रंथात स्वतःच म्हणतात. तरीही मराठी घरांत सप्ताहाला बसून सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या ग्रंथांत त्याची गणना होते. पात्रता पुरी होईपर्यंत ते थांबले असते, तर ग्रंथ झाला नसता. आणि कबुली दिली नसती, तर ओवी ओवीतून भाषा शिकत जाण्याची गरजही त्यांना वाटली नसती. तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या वल्लीत ऋत, सत्य, तप, दम, शम, अतिथिसत्कार अशी कर्तव्ये एकामागून एक सांगताना प्रत्येकाला ‘स्वाध्याय-प्रवचन’ हे जोडपद पुन्हा पुन्हा लावलेले आहे. स्वाध्याय म्हणजे स्वतः शिकणे, प्रवचन म्हणजे दुसऱ्याला शिकवणे. तेथेच तीन आचार्यांची मते येतात, आणि नाक मौद्गल्य नावाचा आचार्य तर म्हणतो की, बाकी काही नको, स्वाध्याय आणि प्रवचन एवढेच तप पुरे. त्या दोन शब्दांमध्ये ‘नंतर’ हा शब्द कोठेही नाही.

गुरुचरित्राच्या सोळाव्या अध्यायात धौम्य ऋषीच्या तीन शिष्यांची कथा येते. मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातली. त्यांतला आरुणी शेताच्या फुटलेल्या बांधात आडवा होऊन पाणी अडवतो, उपमन्यू गुरे राखतो आणि भुकेपोटी रुईची पाने खाऊन आंधळा होतो. हे दोघे शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहेत. तिसरा वेद, ज्याला गुरुचरित्रात बैद म्हटले आहे, तो मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याच्या वाट्याला एखादा ठळक चमत्कार नाही, नुसते काम आहे. गुरुचरित्रात तो धान्याच्या गाड्याला एका बाजूने रेडा आणि दुसऱ्या बाजूने स्वतःची मान जुंपतो, आणि महाभारतात तर थंडी, ऊन, भूक, तहान सोसत बैलासारखा वर्षानुवर्षे ओझ्याला लावलेला असतो. तिघांतल्या याच एकाबद्दल महाभारत पुढे सांगते की, तो स्वतः गुरू झाला, त्याच्याही घरी शिष्य आले, आणि गुरूच्या घरी राहण्याचे दुःख स्वतः भोगलेले असल्यामुळे त्याने आपल्या शिष्यांना कधी कामाला जुंपले नाही, सेवा कर असे एकदाही म्हटले नाही. शिकवण्याची ही रीत त्याला कोणी सांगितलेली नव्हती. धौम्याने तर त्याच्या नेमके उलट केले होते. जुंपलेल्या मानेने ती त्याला शिकवली होती. पुढे त्याचा शिष्य उत्तंक विद्या पुरी करून गुरुदक्षिणा काय देऊ म्हणून विचारू लागला, तेव्हा वेदाने काही मागितले नाही, पण तो पुन्हा पुन्हा विचारीत राहिला म्हणून त्याला घरात जाऊन गुरुपत्नीला विचारायला सांगितले. आणि तिने पौष्य राजाच्या राणीच्या कानांतली कुंडले चार दिवसांत आणून मागितली.